इंजेक्शननंतरचे सहा तास: मानेच्या दुखण्याची वही कशी लिहायची

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याच्या एका ताईंच्या आई, वय ५४, घरी शिवणकाम करतात. तीन वर्षांपूर्वी त्या बसलेल्या रिक्षाला मागून टेम्पोने धडक दिली. तेव्हापासून मानेची उजवी बाजू आणि उजव्या खांद्याचा माथा दुखतो. हाताला मुंग्या नाहीत, पकड शाबूत आहे. एमआरआयमध्ये ‘दोन ठिकाणी गॅप कमी’ असं आलं. गोळ्या, शेक, व्यायाम, गळ्याचा पट्टा, सगळं करून झालं. मग पुण्यात ‘डायग्नॉस्टिक ब्लॉक’ म्हणून, म्हणजे दुखण्याची जागा शोधायला तिथली नस काही तास बधिर करणारं, मानेत इंजेक्शन दिलं. दिवसा बरं वाटलं, रात्री दुखणं परत आलं. भरायला दिलेल्या कागदावर यांनी ‘बरं वाटलं’ एवढे दोनच शब्द लिहून दिले. आता डॉक्टर म्हणतात, त्याच जागी वेगळ्या औषधाचं इंजेक्शन पुन्हा द्यायचं. घरचे म्हणतात, एकदा फेल गेलं, पुन्हा पैसे कशाला घालायचे? ताई विचारतात, दुसरं घ्यावं का, आणि घेतलं तर या वेळी नेमकं काय लिहायचं?

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली अठरा वर्षं फक्त जुनाट दुखण्याचंच काम करतो. ‘रात्री परत दुखायला लागलं, म्हणजे फेल गेलं’ हे वाक्य माझ्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. ते ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण चूक रुग्णाची नसते. आधी नीट सांगितलेलं नसतं. दाढ काढताना हिरडीत टोचतात, गाल बधिर होतो, दोन-तीन तासांनी जाणीव परत येते. तेव्हा कुणी म्हणत नाही की इंजेक्शन फेल गेलं. आईंना दिलेलं औषध त्याच जातीचं होतं. ते उतरल्यावर दुखणं परत यायलाच हवं होतं, आणि ते आलं, ही माझ्या दृष्टीने चांगली खूण आहे.

हे इंजेक्शन उपचार म्हणून देतच नाहीत. घरात एक दिवा सारखा लुकलुकत असेल, तर वायरमन एकेक एमसीबी पाडून बघतो, कुठली लाइन बंद केल्यावर लुकलुक थांबते ते. लाइन सापडली की एमसीबी पुन्हा वर करतो. दुरुस्ती त्यानंतरची. ब्लॉक म्हणजे काही तासांसाठी पाडलेला एमसीबी.

आता लाइन कुठली, ते सांगतो. मानेच्या प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे छोटे सांधे असतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. गुडघ्यासारखेच सांधे, वेष्टन आहे, कूर्चा आहे, फक्त आकाराने लहान. मागून धडक बसली की मान क्षणात झटका खाते आणि या सांध्यांना मार बसतो. प्रत्येक सांध्याची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या दोन बारीक फांद्या असतात, एक वरच्या मणक्याची आणि एक खालच्या. त्यांना मीडियल ब्रँच म्हणतात. ब्लॉकचं औषध यांच्यापाशीच ठेवतात. सगळ्यात वरच्या, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्याचं काम मुख्यतः एकच नस करते, तिची गोष्ट पुढे येईल.

१९९० साली निरोगी स्वयंसेवकांच्या या सांध्यांमध्ये मुद्दाम द्रव भरून, ते ताणून, कुठे दुखतं त्याचे नकाशे काढले गेले. त्यातून कळलं की सांधा मानेत असला तरी दुखणं दुसरीकडे उमटतं. वरचा सांधा डोक्याच्या मागच्या भागात दुखतो. पाचव्या-सहाव्या मणक्यामधला मानेच्या मुळापासून खांद्याच्या माथ्यावर. त्याच्या खालचा तर पाठीच्या फऱ्यावर. तुमच्या आईंचं वर्णन वाचून मी त्यांना न तपासता सांधा सांगणार नाही, पण त्यांच्या डॉक्टरांनी पाचवा-सहावा धरला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग एमआरआयवरून का नाही ठरवत? कारण ‘गॅप’ हा शब्द आपल्याकडे निदान असल्यासारखा वापरतात आणि ते निदान नाही. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले, २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) फुगलेल्या निघाल्या. त्यांची मान दुखत नव्हती. एमआरआय काय झिजलंय ते दाखवतो. काय दुखतंय ते दाखवत नाही. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मला माझी सुई दिसते, हाड दिसतं, दुखणं दिसत नाही. ते ज्याचं त्यालाच कळतं. म्हणून मी रुग्णाच्या हातात वही देतो. त्या दिवशी तपासणी तो करत असतो, मी फक्त औषध ठेवतो.

औषध किती, तर एका नसेपाशी अर्धा मिली किंवा त्याहूनही कमी. जास्त घातलं तर ते आजूबाजूला पसरतं, भलत्याच गोष्टी बधिर होतात आणि उत्तर गढूळ होतं. काही ठिकाणी सोबत स्टिरॉइडही देतात. नुसत्या निदानासाठी त्याची गरज नसते, आणि मधुमेह असेल तर त्याने काही दिवस साखर चढते. आईंना मधुमेह असेल तर हे आधी विचारून घ्या.

दुसऱ्या इंजेक्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घ्या. पहिलं वाया गेलं म्हणून घ्यायचं नाही. पहिल्याने ‘बहुतेक हो’ म्हटलं, त्याची खातरजमा करायची म्हणून घ्यायचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये निकोलाय बोगडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात नेमकं हेच तपासलं. मानेच्या सांध्यांसाठी एकाच इंजेक्शनवर भरवसा ठेवला, तर चुकीचा ‘हो’ येण्याचं प्रमाण २७ टक्के निघालं. म्हणजे चारातला एक जण तरी. यात कुणी खोटं बोलत नाही. आशेनेही दुखणं खरोखर कमी होतं, हा मेंदूचा गुण आहे. पण आशा घड्याळ बघून कमी-जास्त होत नाही, औषध मात्र वेळेनुसार उतरतं. बधिर करणारी औषधं दोन. लिग्नोकेनचा असर साधारण दीड-दोन तास. ब्युपिव्हाकेनचा चार-सहा तास, कधी जास्तही. माणसागणिक फरक पडतो. एका खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दुसरं, आणि कुठलं दिलं ते रुग्णाला सांगायचं नाही. दोन्ही वेळा दुखणं उतरलं, आणि लांब असराच्या औषधाने जास्त वेळ उतरलेलं राहिलं, तर मी निश्चिंतपणे म्हणतो की सांधा सापडला. म्हणून आज कोणतं औषध आहे असं डॉक्टरांना विचारू नका. झालं की विचारा.

हे सगळं टिकून राहतं ते वेळेवर. ‘बरं वाटलं’ यात वेळ नाही. किती वाजता, किती आणि किती वाजेपर्यंत, हे तीन धागे नसतील तर उत्तर हातातून निसटतं. आईंचं तेच झालं.

आता वही.

आकड्यांपासून सुरू करू, कारण तिथेच बहुतेक लोक अडतात. ० म्हणजे दुखणं अजिबात नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तेवढं वाईट. शहरातली तरुण मंडळी पटकन आकडा सांगतात. आपल्या आया-मावश्यांना विचारलं तर उत्तर येतं, ‘आहे आपलं थोडंसं’ किंवा ‘लई ठणकतंय बघा’. दहापैकी किती म्हटलं की त्या मुलीकडे बघतात, आणि मुलगी सांगते, ‘आठ लिहा’. असं करू नका. आकडा आईंचाच हवा. तुम्ही फक्त विचारा आणि त्या सांगतील ते लिहा, तुम्हाला पटो न पटो.

आकडा येतच नसेल तर मी आणे विचारतो. ही युक्ती मला रुग्णांनीच शिकवली. दशमान नाणी आली १९५७ साली, पण आजही गावाकडचा माणूस सांगतो, ‘डॉक्टर, बारा आणे फरक आहे.’ याहून चांगलं मोजमाप कुठलं? आठ आणे म्हणजे निम्मं. बारा आणे म्हणजे ७५ टक्के. तेरा आणे म्हणजे ८० टक्क्यांच्या किंचित वर. त्या बारा आणे म्हणाल्या तर वहीत ‘बारा आणे’ असंच लिहा, टक्के डॉक्टर काढतील.

दुसरी गोष्ट शब्दांची. दुखण्यासाठी मराठीत इतके नेमके शब्द आहेत की त्यांनी निम्मं काम होतं, आणि आपण ते सोडून ‘पेन होतंय’ म्हणतो. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. मान भरून येणं वेगळं, अवघडणं वेगळं, ओढ लागणं वेगळं. चमक हातात उतरत असेल आणि सोबत मुंग्या असतील, तर मी नसेच्या मुळाचा विचार करतो. मान वळवली की एका बाजूला कळ आणि एरवी खोल, जड दुखणं असेल तर सांध्याचा. आईंना विचारा, त्यांच्या दुखण्याचं नाव काय. दोन तऱ्हेची दुखणी असतील तर दोघांना दोन रकाने द्या. ‘खांद्याचा ठणका’ आणि ‘मान वळवताना कळ’. सांधा बधिर केल्यावर यातलं एकच जाऊ शकतं. तेही उत्तरच आहे, पण दोन्ही एकत्र कोंबली तर ‘थोडं कमी’ एवढंच हाती लागतं.

आता इंजेक्शनच्या आधीचा आठवडा. हा भाग सगळे टाळतात आणि मला तो अर्ध्या निकालाएवढा मोलाचा वाटतो. सात दिवस, दिवसातून तीनदा: सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपण्याआधी. तिन्ही वेळा आकडा, आणि त्या वेळी काय करत होतो ते दोन शब्दांत. सोबत कितीदा गोळी घेतली. यावरून कळतं की आईंचं दुखणं रोजच किती वर-खाली होतं. एखाद्याचं दुखणं कसलंही औषध न घेता दुपारी सातवरून तीनवर येत असेल, तर इंजेक्शननंतर दुपारी तीन लिहिलं, याला काय अर्थ उरला?

याच आठवड्यात आईंची ‘दुखरी कामं’ निवडा. चार पुरेत. मान वर करून, मागे टाकून करायची आणि बाजूला वळून करायची कामं हवीत, कारण हे सांधे तिथेच जास्त बोलतात. दांडीवर ओले कपडे वाळत घालणं. वरच्या फळीवरचा डबा काढणं. मशीनवर बसून शिवणं, आणि त्यात नेमकी किती मिनिटांनी मान भरून येते ती मिनिटं. मागून कुणी हाक मारली तर उजवीकडे वळून बघणं. वळण्याचं मोजमाप सोपं आहे: ताठ बसून हनुवटी उजव्या खांद्याकडे न्यायची आणि मध्ये किती बोटं मावतात ते दुसऱ्याने बघायचं. बोटं आठवडाभर त्याच माणसाची. तुमची सहा आणि भावाची सहा सारखी नसतात.

इंजेक्शनच्या दिवशी सकाळी दुखणं जागं असायला हवं. शक्यतो दहापैकी चार किंवा त्याहून जास्त. तीनचं एक झालं तर हिशेबाने ६७ टक्के आराम, पण प्रत्यक्षात दोनच पायऱ्या उतरल्या, आणि तेवढ्या तर चहाने उतरतात. म्हणून त्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊ नका असं बहुतेक डॉक्टर सांगतात. आदल्या रात्रीपासून की सकाळपासून, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, थायरॉइड, मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगायची, आणि ती बंद करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. मनाने बंद केलेल्या त्या एका गोळीने होणारं नुकसान मानेच्या दुखण्याहून फार मोठं असू शकतं.

सकाळी आकडा फारच खाली असेल, म्हणजे दोन-एक, तर लाजू नका, तसं स्पष्ट सांगा. थोडा वेळ दुखरी कामं करून बघू, तरी जागं झालं नाही तर तारीख पुढे ढकलू. मी स्वतः टेबलावरून रुग्ण उतरवले आहेत. नाराजी पत्करतो, पण झोपलेल्या दुखण्याला प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही.

भूल देऊन झोपवा, असा हट्टही धरू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ सुईला फार घाबरत होते, म्हणून मी शिरेतून गुंगीचं औषध दिलं. ते संध्याकाळपर्यंत पेंगुळलेले होते. वहीत सगळीकडे शून्य. मी ते शून्य खरं मानलं, पुढे जाऊन दुरुस्तीची, म्हणजे नस तापवण्याची प्रक्रिया केली, आणि त्यांना काडीचाही फरक पडला नाही. ते शून्य सांध्याचं नव्हतंच, गुंगीचं होतं. एक माणूस नको त्या प्रक्रियेतून गेला, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. तेव्हापासून या तपासणीला मी गुंगी देत नाही. हात धरायला माणूस देतो, बोलत राहतो. सुई बारीक असते, काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं.

टेबलावरून उतरल्यावर खरी वेळ सुरू होते, आणि इथेच आपली माया आडवी येते. ‘इंजेक्शन झालंय ना, पड जरा, मान हलवू नकोस.’ आई दुपारभर आडव्या, मग उठल्यावर म्हणतात बरं वाटतंय. पडून राहिल्यावर त्यांना इंजेक्शनशिवायही बरंच वाटलं असतं. पहिल्या वेळी आईंनी काय केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण साताऱ्याला परत जायला गाडीत बसल्या असतील, तर औषधाचा सगळ्यात जोरदार असर खंबाटकी घाटात संपला असेल, सीटला डोकं टेकून. या वेळी पुण्यातच तीन-चार तास थांबा. जवळ नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर दवाखान्याच्या बाकावर. आणि एक पिशवी सोबत न्या: हातशिलाईचं काम, हेम घालायचा ब्लाउज, बटणं. जे रोज दुखवतं तेच करायचं. वरच्या कपाटाकडे हात न्यायचा, वळून बघायचं, बोटं मोजायची. जड उचलायचं नाही, मानेला झटके द्यायचे नाहीत; रोजचं असतं तेवढंच करायचं.

लिहायचं कधी? इंजेक्शनच्या आधी एकदा, चारही कामं करून. नंतर पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने. पुढे दर तासाला, दुखणं मूळ आकड्यावर येईपर्यंत किंवा झोप लागेपर्यंत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. मोबाइलवर गजर लावा. संध्याकाळी बसून आठवून लिहिलेली वही मी वाचतो, पण तिच्यावर भरवसा ठेवत नाही, कारण शेवटच्या तासाचं दुखणं आधीच्या सगळ्या तासांवर आपला रंग चढवतं.

अशी नोंद झाली तर मला हवं ते सगळं मिळतं:

१०.४० – इंजेक्शनच्या आधी. ठणका ७. वळताना कळ ८. बोटं सहा.
११.१० – सुई टोचली तिथे हुळहुळतंय, ते वेगळं. ठणका ३. कळ ३.
११.४० – ठणका १. बोटं तीन. वळून दाराकडे बघितलं.
१२.१० – ब्लाउजला हेम घातली, वीस मिनिटं. एरवी दहा मिनिटांत भरून येते. ठणका १.
१२.४० – ठणका १, कळ १.
१.४० – ठणका ३. परत यायला लागला.
२.४० – ठणका ६. कळ ७. बोटं सहा.
सकाळी ७ – ठणका ७. टोचल्याजागी दाबलं तर दुखतं.

यात टोचल्याचं दुखणं वेगळं लिहिलंय, ते बघा. सुई गेली तिथे दोन-तीन दिवस हुळहुळतं. रुग्ण ते मूळ दुखण्यात मिसळतात आणि सहा लिहून मोकळे होतात, आणि मला वाटतं सांधा चुकला. विचारायचा प्रश्न असा: ‘तुमचं नेहमीचं दुखणं, ज्याच्यासाठी आलात, ते आता किती?’

हिशेब तुम्हीही करू शकता. आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करायचा आणि आधीच्याने भागायचं. सातचा एक झाला, म्हणजे सहा भागिले सात, ८६ टक्के. पौणेचौदा आणे. किती आराम मिळाला तर ‘हो’ म्हणायचं, यावर आमच्यातच मतभेद आहेत. काही जण निम्म्यावर समाधान मानतात, काही ८० टक्क्यांखाली हलत नाहीत. माझं मत असं: ८० टक्के आणि त्यासोबत एखादं अडलेलं काम मोकळं झालेलं. निम्मा आराम पडला तर मी नकार देत नाही, पण उरलेलं निम्मं कुठून येतंय ते आधी शोधतो. कधी शेजारचा सांधा असतो, कधी दुसरी बाजू.

काहीच फरक पडला नाही तर? तेही कागदावर आणा, आणि डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून थोडं गोड करून सांगू नका. आपल्याकडे ही भीड फार आहे. डॉक्टरांनी विचारलं ‘कसं आहे?’ की तोंडून ‘बरं आहे’ निघतं. एका खऱ्या ‘नाही’मुळे एक नको असलेली प्रक्रिया वाचते, आणि मी दुसरीकडे बघायला मोकळा होतो.

दोन्ही वेळा ‘हो’ आलं तर पुढचं पाऊल म्हणजे त्याच दोन फांद्या रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईतून सोडलेल्या विजेच्या लहरींनी तापवणं. लोक याला ‘नस जाळणं’ म्हणतात आणि घाबरतात की हात लुळा पडेल. या फांद्या सांध्याची जाणीव नेतात आणि मानेतल्या छोट्या खोल स्नायूंना जातात. हाताची ताकद त्यांच्यात नसते. सुईचं टोक साधारण ८० अंश सेल्सियसला दीड मिनिटाच्या आसपास तापवतात. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याची चाचणी प्रसिद्ध झाली. गाडीच्या धडकेनंतर मान दुखणारे, आणि ब्लॉकने नीट पारखून घेतलेले फक्त २४ रुग्ण. अर्ध्यांची नस तापवली, अर्ध्यांना सगळं तसंच केलं पण तापवलं नाही. दुखणं निम्म्यापर्यंत परत यायला पहिल्या गटात मध्यक (ओळीतल्या मधल्या रुग्णाचा आकडा) २६३ दिवस निघाला, दुसऱ्या गटात ८. रुग्ण थोडे, पण निवड कडक, म्हणूनच फरक इतका ठसठशीत दिसला. नस हळूहळू पुन्हा वाढते, दुखणं परत येऊ शकतं, तेव्हा प्रक्रिया पुन्हा करता येते. त्या मधल्या महिन्यांत मानेचा व्यायाम करून घ्यायचा, कारण तेव्हा तो न दुखता करता येतो. तेव्हाही वही चालू ठेवा, पण आठवड्यातून एकदा पुरे. तापवल्यानंतर पहिले दोन आठवडे मान जास्तही दुखू शकते, ते आकडे बघून खचू नका.

त्या दिवसाची काळजी. गाडी चालवायची नाही, दुचाकीवर मागेही नको. वरच्या, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्याची नस बधिर केली असेल तर काही तास चालताना तोल गेल्यासारखं वाटतं आणि कानामागची, डोक्याच्या मागची कातडी बधिर होते. बधिरपणा ही सुई योग्य जागी पडल्याची खूण आहे, घाबरायचं नाही, पण जिना उतरताना कठडा धरायचा. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. चटका बसलेला कळत नाही, आणि शेकाने नोंदही बिघडते. मलमही त्या दिवशी नको.

वहीची वाट न बघता लगेच फोन करायचा तो केव्हा: हातात किंवा पायात नवीन अशक्तपणा, श्वास लागणं, ताप आणि मानेचं वाढत जाणारं दुखणं, किंवा लघवीवरचा ताबा सुटणं. आणि इंजेक्शनचा संबंध नसतानाही, चालताना पाय अडखळायला लागले, बटण लावणं किंवा सुईत दोरा ओवणं जमेनासं झालं, तर ते सांध्याचं लक्षण नाही. मज्जारज्जू दबत असेल, तिथे तातडीने दाखवायचं. आई शिवणकाम करतात, त्यांच्या हे पटकन लक्षात येईल.

पहिल्या वेळच्या त्या दोन शब्दांच्या कागदाचं अजून थोडं करता येईल. आज रात्री आईंजवळ बसा आणि त्या दिवसाचे खुंट धरून विचारा. दवाखान्यातून निघताना रिक्षात बसायला मान वाकवली तेव्हा कळ आली होती का? वाटेत चहाला थांबलात तेव्हा? घरी पोचल्यावर स्वयंपाक कुणी केला, पोळ्या लाटताना खांदा भरून आला का? रात्री दुखणं परत आलं ते मालिका सुरू होण्याआधी की नंतर? जे आठवेल ते वेळेच्या अंदाजासह लिहा आणि वर ‘आठवून लिहिलं’ असं नोंदवा. दुसऱ्या इंजेक्शनच्या आधी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. मी असतो तर तो कागद आईंच्या फाइलमध्ये नव्या वहीच्या शेजारी लावला असता, आणि दोन्हींमधले तास बोट ठेवून जुळवून बघितले असते.